ताप कधीपासून?

श्रावणातला शेवटचा सोमवार. रात्रभर कोसळून पाऊस पहाटे थांबला आहे, ऊन कडक पडलं आहे, आणि जूचंद्रमधल्या वसई-विरार महापालिकेच्या आरोग्य केंद्रासमोर नऊ वाजायच्या आत रांग फाटकाबाहेर गेली आहे. रविवारचा दवाखाना बंद असतो, त्यामुळे शनिवार-रविवारी घरात कण्हत पडलेला सगळा ताप सोमवारी एकदम दारात येतो. रांगेत लुगड्यातल्या दोन म्हाताऱ्या आहेत, गाळ्यांमध्ये काम करणारी पोरं आहेत, नायगावकडच्या नव्या बिल्डिंगांमधून रिक्षाने आलेल्या आया आहेत. कुणाच्या खांद्यावर मान टाकून झोपलेलं मूल, कुणाच्या डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. मागे चंडिकादेवीचा डोंगर हिरवागार झालाय. त्याच्या पायथ्याशी कुठे भाताची खाचरं पाण्यानं भरलेली, तर कुठे भराव टाकून नवं बांधकाम चाललेलं.

केसपेपरच्या खिडकीमागे एका स्टुलावर मला बसायला जागा मिळाली आहे. हंगामाबरोबर फिरणारा आजार कागदावर पहिल्यांदा नेमका कुठे दिसतो ते मला पाहायचं आहे.

खिडकीतल्या ताई नाव आणि वय भराभर लिहितात. पत्त्याशी मात्र थांबतात.

“पत्ता?”

“जूचंद्र.”

“जूचंद्र केवढं वाढलंय काका. कुठली आळी? कुठली चाळ?”

काका घराशेजारचं दुकान सांगतात. ताई दुकानाचं नाव लिहितात. पुढचा पोरगा उत्तर प्रदेशातला आहे, इथे येऊन महिनाही झालेला नाही आणि चाळीचं नाव त्याला ठाऊक नाही. “वो बड़ी टंकी के पास, पीछे वाली लाइन में.” ताई लिहितात : टाकीमागची ओळ. मागून कुणीतरी ओरडतं, पत्त्याला एवढा वेळ कशाला, औषध तर इथेच मिळणार ना. ताई मान वर न करता पुढचा प्रश्न विचारतात.

“ताप कधीपासून?”

याचं उत्तर रांगेतला जवळजवळ प्रत्येक जण सारखंच देतो : चार-पाच दिवस झाले. लुगड्यातल्या आजी म्हणतात, “चार-पाच दिस झालं बाय.” ताई तेवढ्यावर सोडत नाहीत. “गोविंदाच्या दिवशी होता का ताप? हंडी बघायला गेलेलात?” आजी आठवतात. हंडीला गेल्या नव्हत्या, आदल्या दिवशीच थंडी भरून आली होती. ताई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून तारीख टाकतात. तारखा सणांना टांगून काढायची ही रीत त्यांना कुणी शिकवलेली नसावी, पण मला ती फार मोलाची वाटते. कारण डेंग्यूच्या तपासणीत या तारखेवर सगळं अवलंबून असतं. तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत रक्तात विषाणूचं एनएस-1 हे प्रथिन सापडतं. त्यानंतर ते सापडेनासं होतं आणि शरीरानं तयार केलेली आयजीएम प्रतिपिंडं शोधावी लागतात. तारीख चुकली तर चुकीची तपासणी होते, ‘निगेटिव्ह’ असा कागद हातात पडतो आणि माणूस डेंग्यू घेऊन घरी जातो.

तारखेचं दुसरं काम मला जरा उशिरा लक्षात येतं. आज केंद्रात आलेले सगळे तापाचे रुग्ण आजच्या सोमवारी आजारी पडलेले नाहीत. त्यांच्या तापाच्या तारखा मांडल्या तरच साथ कधी सुरू झाली ते दिसेल. केंद्रात येण्याची तारीख फक्त एवढंच सांगते की काल दवाखाना बंद होता.

आतल्या खोलीत डॉक्टर मॅडमसमोर पंचविशीतला एक तरुण बसला आहे. रांगोळीकार. जूचंद्रच्या रांगोळीकारांचं नाव महाराष्ट्रात सगळीकडे आहे. माणसाचा चेहरा, डोळ्यातलं पाणी, पैठणीचा पोत, असं काय काय ही मंडळी चिमटीतल्या रंगानं जमिनीवर उतरवतात. गणपती तोंडावर आलेत, मंडळांची कामं अंगावर आहेत, आणि याची चिमूटच मिटत नाही. ताप दोन दिवसांत उतरला, पण सकाळी उठलं की बोटं ताठ, मनगटं सुजलेली. “बसून बसून कंबर जाते ती सवयीची आहे मॅडम. हे वेगळं आहे.” मॅडम त्याची बोटं एकेक करून वाकवून पाहतात. पायाचे घोटे? तेही. अंगावर पुरळ आलं होतं का? आलं होतं, एक दिवस. घरात आणखी कुणाला? बहिणीला, आणि समोरच्या घरातल्या काकूंना. काकू कुठे दाखवताहेत? त्या खाजगीत जातात.

मॅडम कागदावर ‘संशयित चिकनगुनिया’ लिहितात, रक्त द्यायला पाठवतात आणि समोरच्या वहीत बहिणीची आणि काकूंची नोंद करून ठेवतात. मग मला म्हणतात, “एकाच्या तोंडून तीन कळले. पण कागदावर येणार एकच, बाकीच्या दोघी इथे आल्याच नाहीत.”

बाजूच्या खोलीत सिस्टरांनी बाह्यरुग्ण विभागाचं रजिस्टर उघडलं आहे. गेल्या सोमवारपासून कालच्या रविवारपर्यंतचा आठवडा त्या मोजत आहेत. साथरोग सर्वेक्षणाचा आठवडा असाच धरतात. अनुक्रमांक, नाव, वय, स्त्री की पुरुष, पत्ता, लक्षण, निदान, औषध. प्रत्येक ओळ एका माणसाला गोळी मिळावी म्हणून लिहिलेली आहे, साथीचा अभ्यास व्हावा म्हणून त्यातला एक शब्दही लिहिलेला नाही. सिस्टर बोट खाली सरकवत जातात आणि कोऱ्या कागदावर उभ्या रेघा मारतात, पाचवी रेघ आडवी. साधा ताप. पुरळासह ताप. सात दिवसांपेक्षा जास्त टिकलेला ताप. खोकला. पातळ जुलाब. कावीळ. पंधरा वर्षांखालच्या मुलाला अचानक आलेला लुळेपणा. या शेवटच्या रकान्यात काहीच नाही, तरी त्या तो कोरा ठेवत नाहीत. शून्य लिहितात.

“कोरा ठेवला तर वरच्यांना कळत नाही, रुग्ण नव्हता की आम्ही पाहिलंच नाही,” त्या म्हणतात. पोलिओ हटवण्याच्या मोहिमेत या शून्याला फार मान होता. प्रत्येक केंद्रानं दर आठवड्याला लिहून दिलेल्या शून्यांवर विश्वास ठेवूनच देश पोलिओमुक्त झाल्याचं म्हणता आलं.

तापाच्या ओळीतल्या जुड्या कागदाच्या कडेपर्यंत गेल्यात. मागच्या आठवड्याचा कागद शेजारी ठेवला की नजरेलाच फरक दिसतो. मी लगेच विचारते, म्हणजे साथ आली? सिस्टर मान हलवतात. घाई नको. मागच्या आठवड्यात पंधरा ऑगस्टची आणि सणांची सुट्टी होती, ओपीडीचे दिवसच कमी भरले. तेव्हा एकूण रुग्णांमध्ये तापाचे किती, हे पाहायचं. आणि गेल्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षी याच आठवड्यात किती होते, हेही पाहायचं. पावसाळ्यात ताप वाढतोच. नेहमीपेक्षा जास्त वाढला का, हा खरा प्रश्न.

मग त्या गणपतीचं सांगतात. नायगाव पूर्वेच्या इमारतींत कोकणातली कुटुंबं पुष्कळ आहेत. गणपतीला ती गावी जातात, ओपीडी ओस पडते, तापाचा आकडा खाली येतो. आजार कमी झालेला नसतो, माणसं गेलेली असतात. विसर्जनानंतर ती परततात तेव्हा खिडकीतला ‘गावाला गेला होतात का, कुठे?’ हा प्रश्न महत्त्वाचा होतो, कारण तो ताप इथल्या डासाचा आहे की तिथल्या, ते त्याशिवाय ठरत नाही. पंचांग हाताशी नसलेल्या माणसानं नुसता आलेख पाहिला तर तो फसेल.

असे फसलेले मोठेमोठे आहेत. लोक इंटरनेटवर काय शोधतात त्यावरून फ्लूची साथ ओळखायची योजना गूगलने 2008 मध्ये सुरू केली. सुरुवातीला जगभर तिचं कौतुक झालं. 2012-13 च्या हिवाळ्यात मात्र तिचा अंदाज अमेरिकेतल्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष नोंदवलेल्या प्रमाणाच्या जवळजवळ दुप्पट निघाला, आणि 2015 मध्ये ती बंद झाली. तापाची बातमी वाचून काळजीनं शोधणारा आणि तापानं फणफणलेला, हे दोघे त्या यंत्राला सारखेच दिसत होते. इथे सिस्टरांच्या रजिस्टरात जो आहे त्याच्या काखेत कुणीतरी थर्मामीटर लावलेला आहे.

प्रयोगशाळा म्हणजे एक ओटा, एक सूक्ष्मदर्शक आणि काचपट्ट्यांचे खोके. तंत्रज्ञ आजींच्या डाव्या हाताच्या अनामिकेला सुई टोचतात, काचेवर एक जाड थेंब पसरवतात आणि त्याच्या शेजारी दुसरा थेंब पातळ ओढतात. जाड थेंबात हिवतापाचा परोपजीवी आहे का ते लवकर समजतं, पातळात तो व्हायवॅक्स की फाल्सिपेरम ते ओळखता येतं. दोन्हींची औषधं वेगळी. व्हायवॅक्सला क्लोरोक्विन तीन दिवस, पण यकृतात दडून बसलेला अंश मारायला प्रायमाक्विन चौदा दिवस. आजींचा सोमवारचा उपास आहे. हिवताप निघाला तर गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही, हे त्यांना आत्ताच सांगितलं जातं. त्या म्हणतात, वरीचे तांदूळ खाल्ले तर चालेल ना? चालेल.

दुपारी गर्दी ओसरते तेव्हा मॅडम चहा मागवतात. मी त्यांना विचारते, हा कागद पुढे जातो कुठे? त्या उत्तर सांगतात ते सुरतपासून. सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेग पसरला तेव्हा याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावरून माणसं गाड्या भरभरून मुंबईकडे पळाली. त्या धक्क्यानंतर देशाला उमगलं की आजाराची खबर वर्तमानपत्राच्या आधी सरकारकडे यायला हवी. आधी काही मोजक्या जिल्ह्यांत सर्वेक्षण सुरू झालं, मग नोव्हेंबर 2004 मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आला. त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता. आरोग्यसेविकेनं लक्षणांवरून भरायचा एस फॉर्म, डॉक्टरनं संशयावरून भरायचा पी, प्रयोगशाळेनं खात्रीनं भरायचा एल. तीन अक्षरं, खात्रीच्या तीन पायऱ्या. एप्रिल 2021 पासून हे सगळं देशभर एका संगणकीय मंचावर जातं आणि रुग्णाचं गाव नकाशावर उमटतं. सिस्टर तोवर संगणकाशी बसल्यासुद्धा आहेत.

मला मात्र त्याहून जुनी गोष्ट आठवते आहे. सप्टेंबर 1896, मुंबईची मांडवी. गोव्याच्या हडफड्याहून आलेले डॉक्टर अकासियो व्हिएगस आपला रोजचा दवाखाना करत होते. जांघेत गाठी आणि भयंकर ताप असलेले रुग्ण त्यांना धान्याच्या गोदामांच्या आसपास दिसले, आणि हा प्लेग आहे असं त्यांनी उघड सांगितलं. मुंबईत सगळ्यांना ते पटायला वेळ लागला. पण सुरुवात झाली ती रोजच्या रुग्णांकडे लक्ष देणाऱ्या एका डॉक्टरमुळे. पुढच्याच वर्षी, मार्च 1897 मध्ये, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. खबर वेळेवर कळण्याचं मोल किती, ते महाराष्ट्रानं फार आधी आणि फार किमतीनं जाणलेलं आहे.

तीन वाजता आशाताई आणि मलेरिया विभागाचे दादा निघतात, मी त्यांच्या मागे. सकाळच्या केसपेपरांमधला एकच पत्ता पुन्हा पुन्हा आला आहे : टाकीमागची ओळ. खिडकीतल्या ताईंनी विचारून विचारून लिहून घेतलेला तोच पत्ता आता आम्हाला वाट दाखवतो आहे.

चाळ नवी आहे, पत्र्याची. नळाला रोज पाणी नाही, म्हणून प्रत्येक दारात निळं पिंप आहे. वसई-विरारला पाणी येतं ते सूर्या, उसगाव आणि पेल्हारच्या धरणांतून, पण शेवटच्या टोकाच्या वस्त्यांना ते साठवूनच ठेवावं लागतं, नाहीतर टँकरची वाट पाहावी लागते. दादा पहिल्या पिंपाचं फडकं बाजूला करतात, विजेरी आत मारतात. स्वच्छ पाणी, आणि त्यात वरखाली वळवळणाऱ्या बारीक अळ्या. एडिस डासाला असंच स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस. तो डास आजारी माणसाला चावला की विषाणू त्याच्या अंगात वाढायला आणखी आठ-बारा दिवस. मग तो दुसऱ्याला चावतो, आणि त्याला ताप यायला चार ते दहा दिवस. मी मनात बेरीज करते. आज रजिस्टरात दिसलेला ताप जुलैच्या शेवटच्या पावसात या पिंपांमध्ये सुरू झालेला असू शकतो. आणि आज ज्या अळ्या दिसताहेत त्यांचा ताप ऐन गणपतीत किंवा त्यानंतर रांगेत उभा राहील.

“ओता हे पाणी,” आशाताई सांगतात. घरातल्या बाई पिंपासमोर आडव्या उभ्या राहतात. “टँकर परवा येणार ताई. पोरांना आंघोळ कशी घालू? भांडी कशानं घासू?” आशाताई वाद घालत नाहीत. त्या दोन रिकामे हंडे मागतात, पाणी गाळून त्यात काढतात, उरलेलं गढूळ पाणी अळ्यांसकट कोरड्या जमिनीवर टाकतात, आणि पिंपाच्या आतल्या कडा काथ्यानं घासून घेतात. कडांना चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही. मग तोंडाला जुन्या साडीचं कापड दोरीनं गच्च बांधतात. कोणाला दोष न देता झालेलं हे काम पाहून शेजारच्या दोघी आपलीही पिंपं पुढे ढकलतात.

दादा कागदावर लिहीत जातात : घरं तपासली, अळ्या सापडलेली घरं, भांडी तपासली, अळ्या असलेली भांडी. एडिस फार लांब उडत नाही, बहुधा शंभर-दोनशे मीटरच्या आतच फिरतो. म्हणून टाकीमागच्या ओळीत ताप असेल तर डासही याच ओळीत सापडणार. केसपेपरवर नुसतं ‘नायगाव पूर्व’ लिहिलं असतं तर ही माणसं आज कुठे गेली असती?

ओळीच्या टोकाला एक बाई उंबऱ्यावर बसल्या आहेत. डोळे लाल, पोटऱ्या दाबून धरलेल्या. खाचरात काम करतात, तळपायाला चीर पडली आहे. आशाताई तिथल्या तिथे फोन लावतात. हा ताप डासाचा नसावा, लेप्टोचा असू शकतो. उंदरांच्या मुतानं दूषित झालेलं पाणी जखमेतून आत गेलं की होणारा. जुलै 2018 मध्ये वसई-विरार दिवसचे दिवस पाण्याखाली होतं, मिठागरांत कामगार अडकले होते, त्या पावसाळ्याची आठवण इथे अजून निघते, आणि गुडघाभर पाण्यातून चाललेल्या माणसाला आलेला ताप तेव्हापासून आशाताई हलक्यात घेत नाहीत. बाईंना रिक्षात बसवून केंद्रात पाठवलं जातं. त्यांच्या हातात गोळ्यांची एक पट्टी आहे, अर्धी संपलेली. कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलेली. कसली, ते त्यांना माहीत नाही.

या अर्ध्या पट्टीपाशी येऊन मला आजच्या दिवसाची खरी अडचण कळते. ताप आला की माणूस आधी दुकानात जातो, मग खाजगी दवाखान्यात, आणि दोन्हीकडे उतरला नाही तर सरकारी केंद्रात. तोवर हिवतापाच्या दोन गोळ्या पोटात गेलेल्या असतात आणि काचपट्टीवर काही दिसत नाही. खाजगी प्रयोगशाळेत डेंग्यूची झटपट पट्टी ‘पॉझिटिव्ह’ येते, ती सरकारी हिशेबात पक्की धरली जात नाही, त्यासाठी एलायझा तपासणी लागते, आणि तो नमुना पुष्कळदा पुढे पाठवलाच जात नाही. रांगोळीकाराच्या समोरच्या घरातल्या काकू, सकाळी मॅडमनी वहीत टिपलेल्या, त्या अशाच कुठल्यातरी दवाखान्यात सलाईन लावून पडलेल्या असतील. त्यांची रेघ सिस्टरांच्या कागदावर नाही. जूचंद्रमध्ये किती ताप आहे याचा आजचा आकडा म्हणूनच कमीच आहे, आणि महापालिकेची फवारणी, धुराची गाडी, तपासणीचे संच हे सगळं याच कमी आकड्याच्या मागे चालणार.

हे बदलायला मोठं यंत्र लागत नाही. जूचंद्र, नायगाव, चंद्रपाडा, कुठेही राहत असाल, ताप आला तर गोळी घेण्याआधी रक्त द्या. केसपेपरच्या खिडकीत चाळीचं, इमारतीचं, ओळीचं नाव सांगा, आठवत नसेल तर जवळची खूण सांगा. घरात आणखी कुणी आजारी असेल तर तेही सांगा, ती व्यक्ती दुसरीकडे दाखवत असली तरी. आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामं करून घासा. आणि खाजगी दवाखाने चालवणाऱ्या डॉक्टरांना विनंती : हिवताप, डेंग्यू, चिकनगुनिया, लेप्टोचा संशय आला की त्याच दिवशी महापालिकेच्या केंद्राला कळवा, रुग्णाच्या पूर्ण पत्त्यासह.